आईवडील युरोपला निघाले आहेत? व्हिसाची फाईल, विमा आणि औषधांची पिशवी

फेब्रुवारी-मार्च उजाडला की भिवंडीच्या माझ्या दवाखान्यात एक वेगळ्या प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. त्यांना ताप नसतो, खोकला नसतो. हातात प्लास्टिकची फाईल असते, फाईलमध्ये पासपोर्टच्या झेरॉक्स असतात आणि चेहऱ्यावर थोडा आनंद, थोडी धास्ती असते. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नाहीतर आयर्लंडमध्ये नोकरीला असते. नातवंड झालेले असते किंवा व्हायचे असते. उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे जायचे ठरलेले असते.

मागच्या वर्षी असेच एक काका आले. वय ६६, आयुष्यभर यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादमी केलेले. बारा वर्षांपासून मधुमेह, आठ वर्षांपासून रक्तदाब. खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, "डॉक्टरसाहेब, फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे. पण त्यात शुगर-बीपीचं काही लिहू नका. एजंट बोलला, लिहिलं तर व्हिसा होत नाही."

ही विनंती मला दर मोसमात चार-पाच वेळा तरी होते. विनंती करणारा माणूस खोटारडा नसतो. त्याला चुकीची माहिती मिळालेली असते, आणि ती चुकीची माहिती पुढे फार महागात पडू शकते. म्हणून हा लेख.

व्हिसासाठी आरोग्याचे नेमके काय लागते?

युरोपातील २९ देशांचा मिळून शेंगेन भाग आहे. जर्मनी, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड हे सगळे त्यात येतात. ब्रिटन आणि आयर्लंड येत नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. शेंगेनच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. पोहोचल्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही त्यात मोजतात.

या व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी लागत नाही. एक्स-रे नाही, रक्ताचा रिपोर्ट नाही, लसीचा दाखला नाही, फिटनेस सर्टिफिकेटही नाही. आपल्याकडे हा गैरसमज का पसरला ते मी समजू शकतो. भिवंडीतल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीला गेलेले आहे, आणि त्या नोकरीसाठी ‘मेडिकल’ पास व्हावे लागते. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस घ्यावी लागते. त्यामुळे परदेश म्हटले की मेडिकल, हे समीकरण डोक्यात पक्के बसले आहे. मुलांना भेटायला युरोपला जाणाऱ्यांना ते लागू होत नाही. तुमचा मधुमेह व्हिसा अधिकाऱ्याच्या टेबलावर येतच नाही.

तिथे येतो तो प्रवास-विमा. किमान ३०,००० युरोचे संरक्षण, सर्व शेंगेन देशांत वैध, मुक्कामाच्या सर्व दिवसांसाठी, आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयात भरती, मायदेशी परत आणण्याचा खर्च व मृत्यू या गोष्टी धरलेल्या असल्या पाहिजेत. बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात: पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, काही प्रकरणांत पंचेचाळीसपर्यंत जातात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी फी ९० युरो आहे. अंतिम यादी नेहमी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहावी, व्हॉट्सॲपवर फिरणारी नव्हे.

जर्मनीच्या बाबतीत आणखी एक कागद लक्षात घ्या, कारण त्याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. आईवडिलांकडे पुरेसे उत्पन्न दाखवता येत नसेल तर तिथला मुलगा किंवा मुलगी स्थानिक परदेशी-नागरिक कार्यालयात जाऊन हमीपत्र देते. त्याला जर्मनमध्ये ‘फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात. त्या हमीत फक्त जेवणखाण आणि राहणे येत नाही. पाहुणा आजारी पडला आणि सरकारी पैसा खर्च झाला तर तो भरून देण्याची जबाबदारीही त्यात येते. म्हणजे विमा कंपनीने हात वर केले तर ओझे कुठे जाऊन पडते, ते पाहा.

विम्याच्या अर्जात आजार लपवला तर

एजंट फॉर्म भरतो. त्यात एक प्रश्न असतो: आधीपासून काही आजार आहे का, काही औषधे चालू आहेत का? एजंट पटकन ‘नाही’वर खूण करतो. कारण सोपे आहे. ‘हो’ म्हटले की हप्ता वाढतो, कधी जास्त कागद लागतात, कधी ती पॉलिसी मिळतच नाही. तुम्ही सही करता. पॉलिसीवर ३०,००० किंवा ५०,००० असा आकडा छापून येतो, व्हिसा मिळतो, सगळे खूश.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत पुढचा भाग मला जवळून पाहावा लागला. जर्मनीत पोहोचल्यावर अकराव्या दिवशी त्यांच्या छातीत दुखू लागले. मुलाने रुग्णवाहिका बोलावली, अँजिओप्लास्टी वेळेत झाली, माणूस वाचला. उपचारांबद्दल बोट ठेवायला जागा नव्हती. मग विमा कंपनीकडून पत्र आले की भारतातल्या नेहमीच्या डॉक्टरांचे मागच्या वर्षांचे कागद पाठवा. नेहमीचा डॉक्टर मी. माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या, त्यावर तारीखवार बीपीचे आकडे आणि गोळ्यांची नावे. मुलाने मला रात्री फोन केला. त्याचा आवाज मला अजून आठवतो. "काका, तुम्ही काही करू शकाल का?" काय करू शकणार होतो? खोटा कागद देणे शक्य नव्हते, आणि खरा कागद दिला की दावा फेटाळला जाणार हे दिसत होते. तसेच झाले. त्या बिलाचे हप्ते तो मुलगा पुढे बराच काळ भरत होता.

त्या दिवसापासून मी फिटनेस सर्टिफिकेट मागायला आलेल्या प्रत्येकाला आधी पॉलिसीचा कागद काढायला लावतो. पहिल्या पानावरचा मोठा आकडा सगळे वाचतात, मी त्यामागची पाने वाचायला सांगतो. पूर्वीचे आजार वगळले आहेत का? अनेक पॉलिसींत ते वगळलेले असतात, किंवा फक्त ‘जिवावर बेतलेली तातडीची अवस्था’ एवढ्यापुरतेच आणि कमी रकमेपर्यंत धरलेले असतात. साठीनंतर किंवा सत्तरीनंतर खोलीभाडे, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळ्या मर्यादा लावलेल्या आहेत का? सुरुवातीची किती रक्कम तुम्हाला स्वतः भरायची आहे? भरती झाल्यावर किती तासांत त्यांच्या मदत क्रमांकावर कळवायचे आहे?

मधुमेह-रक्तदाब कबूल करून घेतलेली पॉलिसी महाग पडते हे खरे. हप्ता काही हजारांनी वाढेल. पण जिला खरे माहीत आहे तीच पॉलिसी कामाला येते. माझे स्पष्ट मत असे की पैसे कमी पडत असतील तर मुक्काम नव्वदऐवजी साठ दिवसांचा करा, पण विम्यात काटकसर नको. आणि फॉर्म एजंटने भरला तरी सही करण्यापूर्वी मुला-मुलीला व्हिडिओ कॉलवर तो वाचून दाखवा.

ज्यांना अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळतो त्यांच्यासाठी एक सापळा आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरलेल्यांना दोन वर्षांचा आणि नंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. अशा व्हिसाच्या अर्जात फक्त पहिल्या प्रवासाचा विमा दाखवावा लागतो. दुसऱ्या फेरीला कोणी आठवण करून देत नाही आणि लोक विम्याशिवाय विमानात बसतात. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाला तर विमा सक्तीचा नाहीच, पण तिथे भरती झालेल्या पाहुण्याला बिल येतेच. तिथेही विमा घ्या.

डॉक्टरकडे कधी यायचे?

निघायच्या आदल्या आठवड्यात नव्हे. सहा ते आठ आठवडे आधी या. मला एचबीए१सी, क्रिएटिनिन, ईसीजी पाहायचा असतो. साखर वाढलेली निघाली तर औषध बदलावे लागते आणि नव्या औषधावर गाडी रुळायला महिना लागतो. परक्या देशात नव्या गोळीने पहिल्यांदा साखर खाली जाऊ नये. चष्म्याचा नंबर, दात, हे इथेच उरकून घ्या. दुखरी दाढ तशीच घेऊन जाणारे बरेच असतात आणि पूर्वीपासूनच्या दातांच्या तक्रारी प्रवास-विम्यात क्वचितच बसतात.

यंत्रमागावर आयुष्य काढलेल्यांसाठी दोन जादा गोष्टी. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्यांची फुप्फुसे वरून ठीक दिसली तरी कमजोर असू शकतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका असतो, म्हणजे ऑक्सिजन कमी. बोटाला लावायच्या यंत्रावर बसल्या जागी ९५च्या खाली आकडा येत असेल किंवा एक जिना चढताना धाप लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तिकीट काढू नका. दुसरे म्हणजे ऐकू येणे. मागांच्या खडखडाटाने अनेकांचे कान गेलेले असतात. घरात चालून जाते, पण विमानतळावरची घोषणा त्यांना ऐकूच येत नाही. अशांसाठी तिकिटाबरोबरच व्हीलचेअर-मदत मागून ठेवा. चालता येत असले तरी मागा. मदतनीस थेट विमानाच्या दारापर्यंत नेतो, यात कमीपणा काही नाही.

नुकताच हार्ट ॲटॅक, पक्षाघात, पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झाली असेल तर विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म भरावा लागू शकतो. फिटनेस सर्टिफिकेट लागते ते इथे, व्हिसाला नव्हे. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायू भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास पूर्ण बंद, नाहीतर दृष्टी जाऊ शकते.

लसींमध्ये सक्तीचे काही नाही, पण साठीपुढच्या मधुमेही माणसाला फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस मी देतोच. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया या भागांत उन्हाळ्यात जंगलात, गवतात फिरणार असाल तर तिथल्या गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराबद्दल मुलाला तिथल्या डॉक्टरांकडे विचारायला सांगा. लस उपलब्ध आहे. गोचीड चावल्यावर काही दिवसांनी त्वचेवर लाल गोल चट्टा पसरत गेला तर तो लाइम आजार असू शकतो आणि त्याला अँटिबायोटिक लागते.

औषधे: किती, कशी आणि कोणत्या नावाने

सर्व दिवसांची औषधे इथूनच न्या, वर दोन आठवड्यांची जास्त. जर्मनीत प्रवाशाला स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची औषधे नेता येतात, म्हणजे ९० दिवसांच्या मुक्कामाला पुरते. ‘तिथे काय, मिळतीलच’ असे समजू नका. तिथल्या औषध दुकानात आपल्या डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. युरोपीय संघाबाहेरची चिठ्ठी म्हणून ती परत येते, मग तिथल्या डॉक्टरकडे फी भरून जावे लागते. अँटिबायोटिक तर चिठ्ठीशिवाय मिळतच नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्याकडेही तसेच असायला हवे.

शिवाय आपली गोळी तिथे त्या रूपात नसतेच. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही एकाच गोळीत, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. तिथला फार्मासिस्ट ती स्ट्रिप पाहून चक्रावतो. रक्त पातळ करण्यासाठी आपल्याकडे अनेकांना ॲसेनोकुमारॉल असते. जर्मनीत त्या कामासाठी बहुतेक फेनप्रोकुमॉन वापरतात. ते वेगळे औषध आहे, शरीरात खूप जास्त दिवस राहते, मात्रा वेगळी. गोळीला गोळी अशी अदलाबदल केली तर रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणून डॉक्टरकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. त्यात आजारांची नावे, प्रत्येक औषधाचे मूळ रासायनिक नाव, मिलिग्रॅम, किती वेळा, ॲलर्जी, रक्तगट, शेवटच्या तपासण्यांचे आकडे आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असावा. ब्रँडचे नाव लिहिले तरी चालेल, पण फक्त ब्रँड असेल तर पत्राचा उपयोग नाही. रुग्णाचे नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच हवे. माझ्या केसपेपरवर ‘सौ. मंगल’ आणि पासपोर्टवर माहेरचे नाव किंवा उलटे, असे कितीदा होते. इन्सुलिनच्या सुया सोबत असतील तर तेही पत्रात लिहून घ्या.

केमिस्टला सांगा की पूर्ण स्ट्रिप द्या. कापून दिलेल्या स्ट्रिपवर औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख उरत नाही आणि कस्टममध्ये त्याच चार सुट्या गोळ्यांवर प्रश्न येतो. डब्यात भरून फक्त एका आठवड्याच्या गोळ्या ठेवा. रोजची सगळी औषधे हातातल्या बॅगेत. मोठी बॅग हरवली तर कपडे विकत मिळतात.

झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचा विषय वेगळा आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही युरोपात नियंत्रित औषधे आहेत. मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामके तर आहेतच. ती न्यायची असतील तर फक्त गरजेपुरती, जास्तीत जास्त तीस दिवसांची, आणि औषध व रोजची मात्रा लिहिलेल्या डॉक्टरच्या वेगळ्या प्रमाणपत्रासह. शेजारणीने ‘विमानात झोप येईल’ म्हणून दिलेली पांढरी गोळी मुळीच नेऊ नका. अंगदुखीसाठी आपल्याकडे सर्रास खाल्ली जाणारी निमेसुलाइड स्पेन आणि फिनलंडमध्ये २००२ साली यकृताच्या दुष्परिणामांमुळे बाजारातून काढली गेली. माझ्या यादीतही ती नसते, पॅरासिटामॉल पुरते. बिनलेबलची चूर्णे आणि पुड्या घरी ठेवा.

औषधांच्या बॅगेवरून आठवले. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, खवा जप्त होतो. गंमत म्हणजे सुके बोंबील नियमात बसतात, पेढे नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे

इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ठेवू नका, ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन फेकावेच लागते. हातातल्या बॅगेत, कागदपत्रांसह. औषधांना १०० मिलिलिटरची मर्यादा लागू नाही, मात्र तपासणीच्या वेळी आपणहून सांगा.

आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरला ४० युनिट असते आणि लाल झाकणाची सिरिंज त्याच हिशोबाची असते. युरोपात मुख्यतः १०० युनिटचे इन्सुलिन आहे. समजा तुमची बाटली फुटली, तिथली नवी आणली आणि जुन्या ४०च्या सिरिंजने १० युनिटच्या खुणेपर्यंत भरली, तर शरीरात जातील २५ युनिट. एवढ्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो. तिथले इन्सुलिन घेतले तर सिरिंजही तिथलीच. शक्य असेल तर जाण्यापूर्वी दोन महिने पेनवर या, म्हणजे हा गोंधळच राहत नाही.

वेळेचा हिशोब आता. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे. बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. भिवंडीहून अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी करत ठाणे आणि पुढे मुंबईचे विमानतळ, ट्रॅफिक धरून लोक रात्री आठलाच निघतात. जेवून, नेहमीचा संध्याकाळचा डोस घेऊन निघा. पुढची चूक विमानात होते. रात्री दोन-तीनला जेवणाचा ट्रे येतो आणि ‘जेवण आले म्हणजे इन्सुलिन’ या सवयीने लोक मिक्स इन्सुलिनचा आणखी एक डोस टोचतात. तो घेऊ नका. हलके खा आणि झोपा. दिवसातून दोनदा मिक्स इन्सुलिन घेणाऱ्याने पुढचा डोस तिथे पोहोचल्यावर सकाळच्या नाश्त्याबरोबर घ्यावा. अंतर बाराऐवजी चौदा-पंधरा तासांचे होईल, साखर थोडी वर राहील. एका दिवसासाठी ते चालते.

परतीचा प्रवास जास्त जपून करायचा, कारण दिवस लहान होतो. जर्मन वेळेने संध्याकाळी सातला डोस घेतला म्हणजे भारतात साडेदहा वाजलेले असतात. घरी येऊन सकाळी सातला पुढचा डोस घेतला तर अंतर फक्त साडेआठ तास. साखर खाली जाण्याचा धोका इथे आहे. त्या सकाळी आधी साखर तपासा, नाश्ता आणि डोस दोन्ही उशिरा घ्या, किंवा डोस किती कमी करायचा हे निघण्यापूर्वीच डॉक्टरकडून लिहून घ्या. ग्लिमेपिराइडची गोळीही ट्रे समोर आल्यावरच घ्यावी, ‘आता जेवण येईल’ म्हणून आधी नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या हव्यात, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नव्हे.

नऊ तास खुर्चीत

पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती लोकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या राइट प्रकल्पाच्या अहवालानुसार चार तासांपेक्षा लांब प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, पण प्रत्यक्ष प्रमाण सहा हजारांत एक एवढेच आहे. त्यामुळे सगळ्यांनी घाबरायचे कारण नाही. पूर्वी गाठ झालेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, फार स्थूल, गर्भवती, अशांनी आधी बोलून घ्यावे. बाकीच्यांनी दर तास-दीड तासाने उठावे, घोटे फिरवावेत, पाणी प्यावे, दारू टाळावी. केवळ गाठ होऊ नये म्हणून मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. लघवीला वारंवार जावे लागते म्हणून पाणीच न पिणाऱ्या मावश्या-काकूंना मी मुद्दाम सांगतो, कडेची सीट मागून घ्या आणि खुशाल जा.

तिथे आजारी पडलात तर

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, शुद्ध हरपणे यासाठी संपूर्ण युरोपीय संघात ११२. जर्मनीत रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप, जुलाब अशा कमी गंभीर त्रासासाठी ११६११७ हा वेगळा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे कागदावर लिहून आईवडिलांच्या पाकिटात ठेवा. मुलगा ऑफिसात असताना घरात दोघेच असतात आणि मोबाईलचा लॉक उघडताना हात थरथरतात. त्याच कागदावर तिथल्या घराचा पत्ता आणि विम्याचा मदत क्रमांकही हवा. रविवारी तिथली औषध दुकाने बंद असतात, पाळीपाळीने एखादे उघडे असते.

साखरेचा आकडा ऐकून गोंधळू नका. जर्मनीच्या पश्चिम भागात आपल्यासारखेच मिलिग्रॅममध्ये मोजतात, पूर्वेकडे अनेक ठिकाणी मिलिमोलमध्ये. रिपोर्टवर ७ लिहिलेले असेल तर ती आपली १२६. मिलिमोलच्या आकड्याला १८ने गुणायचे.

उलट्या-जुलाब सुरू झाले आणि खाणे थांबले तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे इथल्या डॉक्टरला फोन करून लगेच विचारा. मी असे फोन रात्रीही घेतो, बहुतेक डॉक्टर घेतात.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतःहून सांगायला हवी, कारण तिथला डॉक्टर कदाचित विचारणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये भिवंडीहून निघालेल्या माणसाला तिथे गेल्यावर थंडी वाजून ताप आला तर ‘मी भारतातून आलो आहे, आमच्याकडे मलेरिया आणि डेंग्यू असतो, रक्त तपासा’ हे वाक्य पहिल्यांदा बोला. युरोपात ताप म्हणजे आधी फ्लूचाच विचार होतो. आपल्याकडचा व्हायवॅक्स मलेरिया तर यकृतात दडून महिन्यांनीही वर येतो, विशेषतः ज्यांनी प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स ‘ताप गेला’ म्हणून मध्येच सोडलेला असतो.

आजारपण लांबले आणि व्हिसा संपत आला तर घाबरून तसेच विमानात बसू नका आणि गप्पही राहू नका. भरती असल्याचे डॉक्टरचे पत्र घेऊन, मुदत संपण्याच्या आत, तिथल्या परदेशी-नागरिक कार्यालयात मुदतवाढ मागता येते. अशा अपरिहार्य कारणासाठी ती मिळते आणि त्याला फी नसते. विमाही त्याच वेळी वाढवून घ्यावा लागतो, तो आपोआप वाढत नाही.

पायांचे सांगायचे राहिले. इथे दिवसभरात घर ते नाका एवढेच चालणारी माणसे तिथे पहिल्याच शनिवारी नव्या बुटांत दहा हजार पावले चालतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही. बूट महिनाभर आधी घेऊन इथेच वापरा आणि तिथे रोज रात्री तळवे आरशात पाहा. हिवाळ्यात जाणार असाल तर थंडीने रक्तदाब वाढतो, म्हणून घरचे बीपीचे यंत्र सोबत न्या. दमा असणाऱ्यांनी बाहेर पडताना नाकावर मफलर घ्यावा आणि पंप खिशात ठेवावा.

त्या काकांना मी शेवटी फिटनेस सर्टिफिकेट दिले नाही. दीड पानांचे पत्र दिले, त्यात मधुमेह पहिल्याच ओळीत. विमा त्यांनी रद्द करून सगळे खरे लिहून दुसरा काढला, थोडी कुरकूर करत. व्हिसा सोळाव्या दिवशी आला. ऑगस्टमध्ये परत आल्यावर तपासायला आले तेव्हा एचबीए१सी अर्ध्याने वाढला होता. विचारले तर हसून म्हणाले, "काय करणार डॉक्टरसाहेब, नातवाबरोबर रोज आइस्क्रीम."